जुनी अलॉय चाकं घरच्या घरी कशी सुधारायची

दहा-बारा वर्षं वापरलेल्या हॅचबॅकची चाकं निरखून पाहा. डावीकडची दोन उजवीकडच्यांपेक्षा जास्त खरचटलेली असतात, कारण आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो आणि गाडी लावताना फुटपाथची कड डाव्या रिमलाच लागते. पुढची दोन मागच्यांपेक्षा काळपट असतात, कारण ब्रेकचा बराचसा भार पुढच्या चाकांवर येतो आणि पॅडची भुकटी तिथेच उडते. कोकणातल्या गाड्यांवर आणखी एक खूण दिसते: लॅकरच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, आत पांढऱ्या किड्यासारख्या वळवळत्या रेषा. खाऱ्या हवेतला ओलावा एखाद्या ओरखड्यातून लॅकरखाली शिरला, की तो ॲल्युमिनियम खात आत आत पसरत जातो.

यातलं जवळपास सगळं घरी दुरुस्त होतं. १४ इंची चार चाकांचं सामान सहज मिळतं आणि एका वेळी एक चाक करत काम काही शनिवार-रविवारांत उरकतं. त्या वेळाचा मोठा भाग घासण्यात आणि पुसण्यात जाईल. स्प्रेचा कॅन हातात असतो तो जेमतेम तासभर. घासणं आणि पुसणं घाईघाईत आटोपलं, तर कितीही महागडा रंग आणा, तो पहिल्या पावसाळ्यातच पापुद्रे धरतो.

आधी चाक कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

पांढऱ्या सुती फडक्याच्या टोकाला थोडं मेटल पॉलिश घ्या आणि रिमच्या एका कोपऱ्यात अर्धा मिनिट घासा. फडकं काळं झालं, तर तिथे उघडं ॲल्युमिनियम आहे. काळं झालं नाही, तर वर पारदर्शक लॅकर आहे. फडक्याला चाकाचाच रंग लागला, तर लॅकर नसलेला नुसता रंग आहे. पुढची सगळी पद्धत या एका चाचणीवर ठरते.

कंपनीतून आलेली बहुतेक चाकं चंदेरी रंगाची आणि वर लॅकर असलेली असतात. नवख्या माणसासाठी हीच सगळ्यात सोपी, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

डायमंड-कट चाकं वेगळी. त्यांचा दर्शनी भाग लेथवर कातलेला असतो, आणि तिरक्या उजेडात त्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेषा दिसतात. हाताने घासलं की त्या रेषा जातात आणि घरी परत आणता येत नाहीत. अशा चाकासाठी दोनच वाटा आहेत. एक तर लेथवर पुन्हा कातून घ्या, पण प्रत्येक वेळी धातू कमी होत असल्यामुळे हे फार वेळा करता येत नाही. नाही तर कातलेला देखावा सोडून पूर्ण चाक चंदेरी रंगवा. कमी खर्चात दुसरी वाट केव्हाही चांगली.

आरशासारखं चकचकीत क्रोमचं चाक असेल, तर त्याला घासायचा पेपर लावू नका. क्रोम आणि निकेलची भुकटी फुप्फुसांना घातक असते, आणि सोललेलं क्रोम घरी दुरुस्त होत नाही.

रंगवू नये असं चाक

तडा गेलेलं चाक रंगवायचं नाही. चाक काढल्यावर मागची बाजू धुऊन आरे जिथे रिमला मिळतात तिथे, आणि रिमच्या आतल्या कडेला, टॉर्च तिरका धरून बघा. संशय आला तर टायरमध्ये हवा भरलेली असतानाच त्या जागी साबणाचं पाणी लावा. धातूतूनच बुडबुडे आले, तर ते चाक बदलायचं. वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण अलॉय चाकाची ताकद ओतकामानंतर केलेल्या उष्णताप्रक्रियेतून येते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकी ती जागा मऊ पडते. रंग काढायला ब्लोटॉर्च वापरू नये, त्याचं कारणही हेच. वाकलेलं चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरताना नुसत्या डोळ्यांनी कळतं, तेव्हा एकदा तिथे उभं राहून बघून घ्या.

सामान

पेपरपासून सुरुवात करू. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचे घासायचे पेपर, १२०, २४०, ४०० आणि ६०० नंबरचे, प्रत्येकी तीन (नंबर मोठा तितका पेपर बारीक). एक बारीक दातांची सपाट कानस. दोन भागांची बॉडी पुटी, म्हणजे पेंटर ज्याला लांबी म्हणतात ती, हार्डनरच्या ट्यूबसह पाव किलो. एक लहान कॅन एच (etch) प्रायमर, म्हणजे उघड्या धातूला धरणारं आम्लयुक्त अस्तर. ४०० मिलीचे दोन कॅन प्रायमर-सरफेसर (रंगाखालचं, घासून सपाट करायचं अस्तर), तीन कॅन व्हील सिल्व्हर, तीन कॅन क्लिअर लॅकर. आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धा लिटर. एक इंची मास्किंग टेपचे दोन रोल, सुती फडकी, रबरी हातमोजे, चष्मा. घासण्यासाठी साधा धुळीचा मास्क पुरतो. स्प्रेसाठी मात्र वायू शोषणारा, काडतुसाचा मास्क घ्या, कारण सॉल्व्हंटची वाफ कापडी मास्कमधून सरळ आत जाते.

चंदेरी रंगाचे तिन्ही कॅन एकाच बॅचचे घ्या, बॅच नंबर कॅनच्या तळाशी छापलेला असतो. एकाच नावाच्या चंदेरीत बॅचनुसार सूक्ष्म फरक पडतो, आणि चार चाकं शेजारी शेजारी आली की तो लगेच दिसतो.

रेड ऑक्साइड प्रायमर घेऊ नका. तो लोखंडासाठी असतो, ॲल्युमिनियमला धरत नाही. ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर जमतो आणि साधा प्रायमर त्याच्यावरून सुटतो. एच प्रायमरमधलं आम्ल धातूला सूक्ष्म खरवडतं, म्हणून तो चिकटतो.

चाक काढणं आणि धुणं

एका वेळी एकच चाक काढा आणि त्या जागी स्टेपनी लावा. गाडी विटांवर किंवा नुसत्या जॅकवर उभी ठेवून दोन दिवस काम करत बसू नका. सपाट जमिनीवर हँडब्रेक ओढा, तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा, नट आधी जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा आणि मगच जॅक चढवा. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी लोखंडी आणि एक इंच लहान असते. तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा आणि तेवढ्या दिवसांत लांबचा प्रवास टाळा.

कधी कधी सगळे नट काढूनही चाक हलत नाही. लोखंडी हब आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये गंज धरून ते जाम झालेलं असतं. रिमवर हातोडा घालू नका. नट परत हाताने बसवून अर्धा फेरा सैल ठेवा, गाडी जमिनीवर उतरवा आणि फूटभर पुढे-मागे ढकला. कट्ट असा आवाज येऊन चाक सुटतं. नट घट्ट करून पुन्हा जॅक लावा.

धुताना आधी भरपूर पाणी मारा, नंतर कार शाम्पू आणि मऊ ब्रश. डांबराचे ठिपके रॉकेलच्या फडक्याने निघतात. ब्रेकच्या भुकटीचे करडे कण नुसत्या साबणाने निघत नाहीत, कारण ते लोखंडाचे तापलेले कण असतात आणि लॅकरमध्ये रुतून बसतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तो फवारला की जांभळे ओघळ येतात, ते विरघळलेलं लोखंड. चार-पाच मिनिटांत धुवा, चाकावर वाळू देऊ नका.

संडास साफ करायचं ॲसिड, कॉस्टिक सोडा आणि धुण्याचा सोडा ही तिन्ही चाकापासून लांब ठेवा. ॲल्युमिनियमचं पातेलं सोड्याने घासलं की काळं पडतं, हे आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत आहे. चाक त्याच धातूचं आहे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग असतील, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने लावा आणि दोन मिनिटांत धुऊन टाका.

टायरवरचं चकचकीत पॉलिशही शाम्पूने दोनदा धुवा. त्यात सिलिकॉन असतं. त्याचा एक थेंब रिमवर राहिला, तर तिथे रंग मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पहिल्यांदा रंगवणाऱ्यांच्या चाकांवर हा दोष हमखास दिसतो, आणि त्याचं खापर उगाच रंगाच्या कंपनीवर फुटतं.

घासणं

फुटपाथला घासलेल्या कडेवर धातूचे बारीक काटे उभे राहिलेले असतात. ते आधी कानशीने, कडेच्या गोलाईबरोबर हलक्या हाताने काढा. आडवी कानस मारली, तर कडेवर सपाट जागा तयार होतात आणि चाक फिरताना त्या चमकतात. कानस झाल्यावर १२० चा पेपर, मग २४०, मग ४००.

पेपर वापरण्याआधी पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा. बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, म्हणजे पेपर भरत नाही. सपाट भागासाठी पेपर जुन्या रबरी चपलेच्या तुकड्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं, तर बोटांच्या रेषेत खोलगट पट्टे पडतात. ओलं घासण्याने ॲल्युमिनियमची भुकटीही उडत नाही. ही भुकटी कोरडी असताना पेट घेऊ शकते, म्हणून जवळ कुणी ग्राइंडर चालवत असेल, तर तिथे काम करू नका.

प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला. १२० ने उभं घासलं असेल, तर २४० ने आडवं. आधीचे उभे ओरखडे पूर्ण नाहीसे झाले, की मगच पुढच्या नंबरवर जा. दिशा एकच ठेवली, तर १२० चे खोल ओरखडे २४० च्या ओरखड्यांत लपतात आणि थेट रंगाखाली वर येतात, तेव्हा काही करता येत नाही.

सुटलेल्या लॅकरचा पापुद्रा आणि त्याखालच्या पांढऱ्या रेषा दिसतील तिथपर्यंत घासून थांबू नका. रेषेच्या टोकापुढे आणखी बोटभर, चांगल्या रंगापर्यंत जा. गंजाचं टोक आत राहिलं, तर ते नव्या रंगाखाली पुन्हा चालायला लागतं. जुना रंग आणि उघडा धातू यांच्यामधली कड उतरती व्हायला हवी. डोळे मिटून बोटाचं नख त्या जागेवरून हळू ओढा. नख अडलं, तर चंदेरी रंगात ती कड सावलीसारखी दिसणारच, कारण चंदेरी रंग खालचा उंचसखलपणा लपवत नाही, उलट दाखवतो. अशा वेळी पुन्हा ४०० घ्या.

बाकीच्या शाबूत लॅकरवर ६०० चा पेपर, नुसती चमक जाईपर्यंत. आऱ्यांच्या कोपऱ्यांत भांडी घासायची हिरवी घासणी चालते, मात्र कोरी, तेल न लागलेली. लोखंडी तारेची घासणी वापरू नका. तिचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि महिन्याभरात रंगाखालून तांबडे ठिपके येतात.

रंगवायच्या चाकाचा उघडा धातू ४०० वरच थांबवा. जास्त गुळगुळीत केलं की जास्त छान होईल असं वाटून काही जण १५०० पर्यंत जातात, मग प्रायमरला धरायला जागाच राहत नाही.

लांबी

पुटी उघड्या, ताज्या घासलेल्या धातूवरच लावा, एच प्रायमरवर कधीही नाही. एच प्रायमरमधल्या आम्लामुळे पुटी खालून नीट कडक होत नाही. १०० ग्रॅम पुटीला २ ग्रॅम हार्डनर हे सर्वसाधारण प्रमाण. लिंबाएवढी पुटी घेतली, तर हार्डनर वाटाण्याएवढा. रंग एकसारखा होईपर्यंत पत्र्याच्या तुकड्यावर कालवा. पाच मिनिटांत ती हाताबाहेर जाते, म्हणून थोडी थोडीच कालवा. हार्डनर जास्त घातला तर पुटी ठिसूळ होते आणि त्याचा रंग वर उमटतो.

एक ते दीड मिलिमीटरपेक्षा खोल खाच पुटीने भरू नका, आधी कडा कानशीने उतरत्या करा. टायर जिथे रिमला घट्ट बसतो त्या जागेवर पुटी अजिबात नको. अर्ध्या तासाने १२० ने कोरडं घासा, मग २४०, ४००. पुटी पाणी शोषते, म्हणून तिच्यावर ओलं घासणं टाळा.

झाकायचं काय

टायर काढून काम केलं, तर सगळ्यात नीट होतं. पंक्चरच्या दुकानात मशीनवर काढून मिळतो आणि नंतर बॅलन्सिंग करून घेता येतं. टायरची हवा हळूहळू कमी होत असेल, तर काढाच; रिमच्या आतल्या बैठकीवरचा गंज साफ केल्याशिवाय ती गळती थांबत नाही. तसा त्रास नसेल, तर व्हॉल्व्हमधून थोडी हवा सोडा आणि टायर-रिमच्या फटीत जुनी व्हिजिटिंग कार्डं एकावर एक चढवत पूर्ण फेरी खोचा. १४ इंची चाकाला पस्तीस-चाळीस कार्डं लागतात. हवा पूर्ण सोडू नका, नाही तर ट्यूबलेस टायर बैठकीवरून सुटू शकतो.

तीन जागांवर रंग चढता कामा नये: नट बसतात ते तिरके खड्डे, मागची हबला टेकणारी सपाट बाजू, आणि टायरची बैठक. नटाच्या खड्ड्यात रंगाचा थर राहिला, तर नट घट्ट वाटतो. चालता चालता तो रंग चेपतो आणि नट सैल पडतो. हे सौंदर्याचं काम नाही, जिवाचं आहे. खड्ड्यांत टेपचे गोळे किंवा बुचं बसवा आणि रंगवून झाल्यावर प्रत्येक खड्डा फडक्याने पुसून बघा.

रंग

पावसाळ्यात रंगवू नका. दमट हवेत लॅकर वाळताना ओलावा धरतो आणि वर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस उत्तम, वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन, जागा सावलीची आणि हवा खेळती. कडक उन्हात तापलेल्या चाकावर रंग टेकण्याआधीच वाळतो आणि हाताला खरखरीत लागतो.

ओलं घासल्यावर चाक तासभर वाळू द्या. टायर आणि रिमच्या फटीत पाणी दडून राहतं आणि नेमकं रंग मारताना बाहेर येतं. कार्डं खोचण्याआधी ही फट हवेने फुंकून घ्या. मग अल्कोहोलचं एक फडकं आणि लगेच मागून कोरडं दुसरं फडकं, असं पूर्ण चाक पुसा. यानंतर उघडा हात लावायचा नाही. घासलेलं ॲल्युमिनियम रात्रभर उघडं ठेवायचं नाही, प्रायमर त्याच दिवशी.

कॅन आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवा. वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरा, फवारा चाकाच्या बाहेर सुरू करा आणि पलीकडे बाहेरच सोडा. उघड्या धातूवर एच प्रायमरचा एकच पातळ हात, पुटी चुकवून. मग प्रायमर-सरफेसरचे तीन हात, प्रत्येक दोन हातांत दहा मिनिटं. पहिला हात इतका पातळ, की खालचं अजून दिसायला हवं. आऱ्यांच्या बाजू आधी, दर्शनी भाग शेवटी. उलटं केलं, तर बाजूंचा उडालेला रंग समोर खडबडीत बसतो.

दुसऱ्या दिवशी प्रायमर ६०० ने हलकेच घासा, पुसा, आणि चंदेरीचे तीन पातळ हात द्या. चंदेरीवर लॅकरच्या आधी पेपर लावायचा नाही. त्यातले धातूचे कण विस्कटून डाग पडतात. अर्ध्या तासाने लॅकर: पहिला हात धुक्यासारखा, दहा मिनिटांनी दुसरा आणि तिसरा थोडे ओले. ओघळ आला तर पुसायला जाऊ नका. दोन दिवसांनी १००० ने तेवढाच ओघळ घासा आणि रबिंग कंपाउंड (चमक आणणारी घासायची पेस्ट) मारा. जुन्या रंगाच्या कडेला सुरकुत्या उठल्या, तर थर फार ओला गेला आहे. वाळू द्या, घासा, पातळ हातांनी पुन्हा सुरू करा.

उघडी चमक हवी असेल तर

मेटल पॉलिशच्या चाचणीत फडकं काळं झालेलं चाक रंगवायची गरज नाही. ४०० नंतर ६००, ८००, १०००, १५००, २००० असं चढत जा, आणि शेवटी ड्रिलवर सुती बफ लावून मेटल पॉलिश. बफ एका जागी धरून ठेवू नका, पृष्ठभाग तापून काळपट होतो. आरशासारख्या धातूवर स्प्रेचं लॅकर टिकत नाही, वर्षभरात पापुद्रे निघतात. त्याऐवजी मेण लावा, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुन्हा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, तिथे रंगच टिकतो.

परत बसवणं

लॅकर हाताला लवकर कोरडं लागतं, पण चाक दोन दिवसांनी बसवा आणि आठवडाभर धुऊ नका. पेट्रोलचा थेंब या लॅकरवर सांडला, तर लगेच पुसा, नाही तर ते मऊ पडतं.

हबचा गंज ८० च्या पेपरने साफ करा. नट हाताने पुरते फिरवून घ्या, मग समोरासमोरच्या क्रमाने घट्ट करा. बहुतेक छोट्या गाड्यांत शेवटचा जोर ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पान्यावर उभं राहून नट आवळू नका. सोडलेली हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत भरा. बॅलन्सिंग करताना वजनं आतल्या बाजूला चिकटवायला सांगा. ठोकून बसवायच्या वजनांखाली नवा रंग फुटतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर चारही चाकांचे नट पुन्हा एकदा तपासा.